वाळूला परवाना आहे, तिसऱ्यांना का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी देवगड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या वाडीत राहते. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. गाबिताची, म्हणजे मासेमाऱ्याची, लेक आणि गाबिताचीच सून. पत्र कालवं आणि तिसऱ्यांबद्दल आहे, म्हणजे खडकाला चिकटणाऱ्या आणि वाळूत राहणाऱ्या शिंपल्यांबद्दल. त्यांच्या पाककृती आपल्या पुरवणीत येतच असतात, मला ती जिथून येतात त्या खडपाबद्दल (किनाऱ्यावरच्या खडकाबद्दल) आणि रेवेबद्दल (खाडीतल्या वाळूबद्दल) लिहायचं आहे.

गेल्या अमावास्येला माझी धाकटी जाऊ आणि वाडीतल्या चौघीजणी पहाटे सुकतीला (ओहोटीला) खडपावर गेल्या, तर तिथे आधीच वीस-बावीस माणसं. एक पिकअप वर रस्त्यावर उभा. कोयत्या नव्हत्याच कोणाकडे, पहारी होत्या. कालवाचं वरचं झाकण उडवून आतला गर काढायचा ही आमची रीत. ही माणसं कालवांसकट दगडाचे ढलपेच उचकटत होती आणि गोणीत भरत होती. भांडण झालंच. त्यांच्यातला एक म्हणाला, ‘‘खडपावर तुमचं नाव लिवलंय काय?’’

जावेला यावर उत्तर सुचलं नाही, आणि तेच तिला सर्वांत जास्त लागलं. मला विचाराल तर पहार मारणाऱ्या त्या माणसांवर माझा राग नाही. तीही रोजावर आलेली. पिकअप कोणाचा होता ते आम्हाला कळलं नाही.

घरात अर्ज लिहिता येणारी मी, म्हणून दोन दिवसांनी आम्ही दोघी तालुक्याच्या गावी एका कचेरीत गेलो. समोरचा मुलगा सभ्य होता, पाणीही दिलं. त्याने विचारलं, ‘‘नौकेचा नोंदणी क्रमांक?’’ नौका नाही. ‘‘जाळं कोणतं?’’ जाळं नाही. ‘‘मग साधन काय?’’ जाऊ म्हणाली, ‘‘कोयती.’’ त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, ‘‘मावशी, परवाना नौकेला असतो. तुम्ही यात कुठे बसतच नाही.’’

तो खोटं बोलला नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले, ते बरंच झालं. पण त्याची सगळी बांधणी नौकेभोवती आहे: नौकेची नोंद, नौकेला परवाना, १ जून ते ३१ जुलै बंदी तीही यांत्रिक नौकांना. गुडघाभर पाण्यात बसून पायांनी चाचपत तिसऱ्या काढणारी बाई नौकेत बसत नाही, म्हणून ती कायद्यातही बसत नाही. माझ्या आईने पन्नास वर्षं या खाडीतून घर चालवलं. सरकारदरबारी ती कायम ‘गृहिणी’.

आता गंमत बघा. ज्या रेवेत तिसऱ्या राहतात त्या रेवेला मात्र परवाना आहे. वाळूचे गट पडतात, लिलाव होतात, ब्रासवर रॉयल्टी भरावी लागते. एवढंच नाही, ड्रेजरचा लिलाव वेगळा आणि बुडी मारून हातपाटीने वाळू काढणाऱ्या स्थानिकांचे परवाने वेगळे, हा फरकही आपल्या सरकारने मान्य केलेला आहे. म्हणजे हाताने काम करणाऱ्या माणसाला, त्याच्या नावाने, यंत्रवाल्यापासून वेगळा परवाना कसा द्यायचा हे महसूल खात्याला ठाऊक आहे. त्याच खाडीत, त्याच पाण्यात, मेलेल्या वाळूला हा मान आणि जिवंत तिसरीला नाही. चोरट्या वाळूउपशाबद्दल आपल्याच अंकात इतकं छापून येतं की परवाना म्हटलं की सगळं सुरळीत होतं असं कोणी समजू नये, ते मी पुढे लिहितेच.

परवान्याचा विचार माझ्या डोक्यात आला तो कचेरीत नाही. आयुष्यात एकदाच मासळीसाठी माझ्या नावाचा सरकारी कागद निघाला, तोही परक्या देशात.

मुलगा अमेरिकेत सिॲटलजवळ असतो. मागे एकदा एप्रिलात मी तिकडे होते. सून नागपूरची, लग्नाआधी तिने मासा फक्त ताटात पाहिलेला. पण तिकडच्या मैत्रिणींच्या नादाने ती ‘रेझर क्लॅम’ खणायला शिकली आहे. लांबट, वस्तऱ्याच्या मुठीसारखा शिंपला. मला म्हणाली, ‘‘आई, तुम्हीसुद्धा चला, पण आधी परवाना काढू.’’ मला वाटलं थट्टा करते. आदल्या संध्याकाळी एका दुकानात, जिथे गळ आणि गमबूट विकतात तिथेच, माझं नाव आणि जन्मतारीख टाइप करून पाच मिनिटांत तीन दिवसांचा परवाना हातात दिला. पंधरा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाने स्वतःचा काढायचा. घरात एकाने काढला आणि बाकीच्यांनी मदत केली, असं तिथे चालत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पॅसिफिकच्या कोपॅलिस नावाच्या पुळणीवर, वाळूच्या किनाऱ्यावर, गेलो. थंडीने बोटं बधिर झाली होती. सुकती आपल्यासारखीच. पुळण मात्र वर्षभर सगळ्यांना खुली नसते. कोणत्या पुळणीवर, कोणत्या तारखेला, सकाळच्या सुकतीला की संध्याकाळच्या, हे तिथलं मत्स्य आणि वन्यजीव खातं आधी जाहीर करतं. दर उन्हाळ्यात ते लोक पुळणीवर शिंपल्यांची मोजदाद करतात आणि त्या हिशेबात बसतील तेवढेच दिवस खुले ठेवतात. शिवाय खणणी खुली करण्याआधी शिंपल्यांची आरोग्य तपासणी झालेली असते. त्या समुद्रात एका सूक्ष्म शेवाळाने डोमोइक आम्ल नावाचं विष तयार होतं, ते शिंपल्यात साठतं आणि शिजवल्याने जात नाही. १९९१ मध्ये त्या किनाऱ्यावर ते पहिल्यांदा सापडलं. २०१५ मध्ये तर विषामुळे खणणी बंद ठेवावी लागली. परवान्याच्या पैशातला एक हिस्सा या तपासणीला जातो. आपल्याकडे हे काही होत नाही असं समजू नका. १९९७ मध्ये केरळात विळिंजमला शिनाण्यांतून (हाही एक शिंपलाच) विषबाधा होऊन सात माणसं गेली. आपल्या खाडीतलं कालव आजवर कोणी तपासून खाल्लेलं मी तरी पाहिलं नाही.

खणायची रीत अशी: ओल्या वाळूवर रुपयाएवढी खळी दिसते. तिच्यावर धातूची नळी रोवायची, दाबायची, वर खेचायची. वाळूच्या दट्ट्यात शिंपला येतो. तीन नंबरच्या खळीला माझी नळी तिरकी गेली आणि शिंपला फुटून आला. मी तो सवयीने पाण्यात टाकायला निघाले, तर सुनेने हात धरला. फुटका असो, बारीक असो, पहिले पंधरा जे येतील ते तुमचे. मोजायचे, पिशवीत टाकायचे आणि पंधरा झाले की थांबायचं. बारीक टाकून मोठे निवडणं हा तिथे गुन्हा. आम्हा तिघांच्या तीन पिशव्या वेगळ्या. माझे नऊ झाले होते आणि मुलाचे पंधरा, पण त्याने माझे सहा खणून द्यायचे नाहीत. थोड्या वेळाने खात्याची एक अधिकारीण गाडीतून उतरली, परवाना पाहिला, पिशवीत हात घालून मोजले, ‘छान दिवस आहे’ म्हणाली आणि पुढे गेली. पाच हजार पटांच्या वर्गावर एकच शिक्षिका असावी तशी ती पुळण होती. तरी पोरं शिस्तीत.

पण मला तिथली शिस्त सांगायची नाही, ते कौतुक पुष्कळांनी केलंय. मला त्या फुटक्या शिंपल्याने विचारात पाडलं. माझ्या आईचा नियम नेमका उलटा होता: ‘‘बारीक आसा तां थंयच ठेव. पुढच्या वर्साक तुकाच गावात.’’ म्हणजे पुढच्या वर्षी तुलाच मिळेल. मग खरं काय? दोन्ही खरं. रेझर क्लॅमची कवची पापडासारखी. एकदा उपसला की परत पुरला तरी बहुतेक मरतो, म्हणून तो मोजायचा. तिसरी घट्ट. बारीक तिसरी परत रेवेत टाकली की ती पाय काढून खाली जाते, म्हणून ती सोडायची. नियम त्या जिवाच्या अंगावरून ठरतो. मुंबईत बसून सगळ्या शिंपल्यांना एकच नियम लावणारा कागद निघाला तर तो बिनकामाचा.

कालवांचं तर आणखी मजेचं. त्याच वॉशिंग्टन राज्यात कालवं काढली तर ती किनाऱ्यावरच फोडायची आणि शिंपले तिथेच, ज्या पातळीवर सापडले तिथेच ठेवायचे, असा नियम आहे. कारण कालवांची पिल्लं जुन्या कालवांच्या शिंपल्यांवर येऊन चिकटतात. मुलाने मला तो नियम वाचून दाखवला तेव्हा मी हसले. आमच्या बायका खडपावर बसून वरचं झाकण उडवतात, गर वाटीत घेतात, खालचा वाटीसारखा शिंपला दगडालाच राहतो. पुढच्या वर्षी त्यावरच नवं कालव धरतं. पावसात खाडीला गोडं पाणी आलं, कालव पोचट झालं की नारळी पुनवेनंतर बऱ्याच दिवसांपर्यंत कोयतीला हात लागत नसे. हे कोणत्या अधिनियमात नव्हतं. आणि आमच्या बायका पर्यावरणवादी होत्या अशातलाही भाग नाही. पोचट कालवाला गिऱ्हाईक नव्हतं आणि ओलं शिंपल्याचं ओझं घरापर्यंत वाहून आणायला कंबर नव्हती, एवढंच. चुन्याच्या भट्ट्यांसाठी खाडीतून शिंपला उपसला जायचा तो जमानाही याच गावांनी पाहिलाय. पूर्वी सगळं छान होतं असं म्हणायचा मला सोस नाही.

फरक एवढाच पडला की तेव्हा बाजार टोपलीएवढा होता. आईच्या वाट्याला गिऱ्हाईक गावातलं, फार तर आठवड्याच्या बाजारातलं. आज मालवण-तारकर्लीला पर्यटक कालवं मागतो, पुण्या-मुंबईत बर्फाच्या पेटीतून तिसऱ्या जातात. टोपलीच्या बाजाराला आईचा नियम पुरला. पिकअपच्या बाजाराला तो पुरत नाही. आणि ‘खडपावर तुमचं नाव लिवलंय काय’ हा प्रश्न टोपलीवाल्याला कधी पडला नव्हता, पिकअपवाल्यालाच पडतो.

वॉशिंग्टनची आणखी एक गोष्ट सांगते, कारण तिथे परवान्याचा सगळा आव उतरतो. तो किनारा मुळात तिथल्या मूळ रहिवाशांचा. १८५४-५५ च्या सुमाराला गोऱ्यांनी त्यांच्याशी करार करून जमिनी घेतल्या, मासे आणि शिंपले गोळा करायचा हक्क मात्र त्यांच्याकडे राहिला असं लिहून दिलं. त्यात एक मेख होती: नागरिकांनी खुंट मारून आखलेल्या किंवा लागवडीखाली आणलेल्या शिंपल्यांच्या जागेवर यांनी जायचं नाही. पुढे जवळजवळ एकशेचाळीस वर्षं तो हक्क कागदावरच राहिला. शेवटी १९९४ मध्ये एडवर्ड रॅफिडी नावाच्या फेडरल न्यायाधीशाने निकाल दिला की नैसर्गिक जागांवरचे काढण्याजोगे निम्मे शिंपले कराराप्रमाणे या जमातींचे. आता क्विनॉल्ट जमात आणि राज्य सरकार रेझर क्लॅमचं गणित एकत्र बसून करतात. माझ्या तीन दिवसांच्या परवान्यावर जे पंधरा शिंपले मला मिळाले ते उरलेल्या निम्म्यातले, हे मला परतल्यावर कळलं.

ही मेख मी मुद्दाम सांगितली. आपल्याकडेही खाडीत बांबूचे तराफे टाकून कालवं आणि शिनाणे वाढवायच्या योजना आहेत, कांदळवन कक्षामार्फत २०१७ पासून बचत गटांना त्यासाठी मदतही मिळते. योजना चांगली आहे, आमच्या शेजारच्या गावातल्या बायकांनी केलीय. पण तराफ्याची जागा म्हणजे खुंट मारलेली जागा. उद्या एखाद्या बड्या मंडळीने खाडीचा पट्टा भाडेपट्ट्याने घेतला आणि आमच्या बायकांना सांगितलं की इथे उतरायचं नाही, तर त्या कोणता कागद दाखवणार? इथे कोयती चालवायचा यांचा हक्क आधीपासून आहे, असं एका ओळीत कुठेतरी लिहिलेलं असायला हवं. परवान्याकडे मी या बाजूने बघते. शिंपले वाचवायला तो लागेलच, त्याआधी बायकांना खडपावर उभं राहायला लागेल.

जाऊ मात्र ऐकत नाही. तिचं म्हणणं, ‘‘आता कालवांकय कागद होयो? कागदाक फोटो, फोटोक पैशे, मगे दर वर्साक तालुक्याक खेपो. आणि कागद पिकअपवालोच पयलो काढतलो.’’ तिचं शेवटचं वाक्य मला खोडता येत नाही. परवाना म्हटला की एजंट आला, लिलाव आला, नावावर एक आणि खडपावर दुसरा हे आलं. सरकारला चार पैसे मिळतात म्हणून खडपांचा लिलाव पुकारला तर असला परवाना आम्हाला नको, त्यापेक्षा आहे ते बरं.

तरी दुसऱ्या तऱ्हेनेही जमतं हे आपल्याच देशात दिसलंय. केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी तलावात पिवळ्या पायाच्या तिसऱ्या मिळतात. परदेशी मागणी वाढली तशी तिथली काढणी १९९१ मध्ये वर्षाला दहा हजार टनांवर गेली आणि १९९३ पर्यंत निम्म्यावर घसरली. मग जाळ्याच्या आसाला (भोकाला) तीस मिलिमीटरची अट, डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननाच्या दिवसांत बंदी, निर्यातीला बारीक माल न घेण्याची अट असं एकेक घातलं गेलं. सीएमएफआरआयचे (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे) संशोधक, सरकार आणि काढणारे लोक एकत्र बसले. २०१४ मध्ये त्या तिसऱ्यांना टिकाऊ मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिलंच. बारीक माल घ्यायचा नाही ही अट विकत घेणाऱ्यावर होती, हे माझ्या मते त्यातलं खरं शहाणपण. एकटीदुकटी बाई बारीक तिसरी का उचलते? घेणारा ती घेतो म्हणून. आमच्याकडे आजवर घेणाऱ्याला कोणी काही विचारलेलं नाही.

आणि परवाना बाईच्या नावाने कसा असतो, त्यासाठी स्पेनच्या गॅलिसिया प्रांताकडे बघावं. तिथे सुकतीला पायी जाऊन शिंपले काढणाऱ्या बहुतेक बायकाच, त्यांना ‘मारिस्कादोरा’ म्हणतात. परवाना त्या त्या बाईला वैयक्तिक मिळतो, तिला तो विकता येत नाही. गावच्या मच्छीमार मंडळात तिची नोंद असते, दिवसाला किती काढायचं ते ठरलेलं असतं. तो कागद होता म्हणून ‘नवऱ्याला मदत करते’ यातून त्या बाहेर पडल्या, कामगार म्हणून मोजल्या गेल्या. तिथेही शिंपले कमी होतायत, बायका काळजीत आहेत, हे खरं. समुद्रच तापला तर कागद काय करणार. पण नुकसान झालं तेव्हा किती जणींचं झालं ते तरी तिथे सांगता येतं. आमच्याकडे वादळाने खाडीत गाळ भरला आणि तिसऱ्यांची रेव बुडाली, तर पंचनामा कशाचा करायचा हाच प्रश्न.

माझी मागणी मोठी नाही. पहिल्या वर्षी परवाना देऊच नका, नुसती नोंद करा. कोणत्या वाडीतल्या किती बायका, कोणत्या खडपावर, कोणत्या रेवेवर. ग्रामपंचायत आणि मच्छीमार सोसायटी दोघांनी मिळून. बायकांना सभेला बोलवायचं आणि सभा सुकतीच्या वेळेत ठेवायची नाही. त्या नोंदीवरून हातपाटीसारखा हाताचा परवाना द्यावा: बाईच्या नावाने, न विकता येणारा, फी असली तर दहा-वीस रुपये. पहारीला आणि दगड उचकटण्याला पहिल्या दिवसापासून बंदी. विकत घेणाऱ्याला वेगळा परवाना आणि बारीक माल सापडला तर दंड त्याला, बाईला नाही. कोणती रेव कधी बंद ठेवायची ते वाडीने ठरवावं आणि संशोधन केंद्राच्या माणसाने वर्षातून दोनदा येऊन तपासावं. पिकअपमधून आलेल्या त्या माणसांचं काय? त्यांच्यातही कोणी खाडीकाठचा असेल तर त्याच्या गावच्या नोंदीत त्याचं नाव येऊ दे. पहार घरी ठेवून आला तर जाऊसुद्धा त्याला कोयती कशी धरायची ते दाखवील, तिचा स्वभाव मला माहीत आहे.

कचेरीतल्या त्या मुलाला मी जाताना एक गोष्ट विचारली होती. तुमच्या अर्जात ‘नौकेचा क्रमांक’ या रकान्याखाली ‘नौका नसल्यास’ असा एक रकाना वाढवता येईल का? तो म्हणाला, ते वरून यावं लागतं. म्हणून हे पत्र आपल्याला. वरचे लोक आपला अंक वाचतात असं ऐकून आहे.

कोणी प्रत्यक्ष पाहायला येणार असेल तर स्वागत आहे. जाऊ आणि बाकीच्या येत्या अमावास्येला जाणारच आहेत. फक्त कचेरी उघडल्यावर, अकराच्या सुमाराला निघून येऊ नये. अमावास्येला अकराला आमचं खडप पुरुषभर पाण्याखाली असतं. पहाटे पाचला या. चप्पल घालून येऊ नका, कालवांनी पाय कापतात. चहा आमच्याकडे.

आपली,
एक वाचक, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग
(नाव व पत्ता संपादकांसाठी वेगळ्या कागदावर दिला आहे.)